भुवईचा होकार

बेथेल, १८ नोव्हेंबर

मत्रोना ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. जे झालं ते क्रमाने असं:

१. ४ नोव्हेंबरला सकाळी मी टपाल, दोन प्रवासी आणि तुझ्या दवाखान्याची लशींची पेटी घेऊन कुइंगाकच्या धावपट्टीवर उतरले.

२. प्रवासी गावात निघून गेले. धावपट्टीवर तू आणि मी दोघीच उरलो. तू तुझ्या स्नोमोबाइलच्या मागच्या स्लेजवर पेटी बांधत होतीस.

३. विमानाच्या डाव्या पंखावर हिमाचा पातळ थर होता. तो झाडायला मी पंखाच्या तिरक्या आधारदांडीवर चढले. हातात झाडू होता.

४. दांडीवर बर्फ होता. पाय घसरला. पडताना डावी भुवई खालच्या पायरीच्या कडेवर आपटली.

५. तू मला दवाखान्यात नेलंस आणि चार टाके घातलेस.

६. टाके घालताना तू विचारलंस, "शुद्ध हरपली होती का?" त्याच वेळी सुई टोचली आणि माझ्या भुवया वर गेल्या. तू तो होकार समजलीस आणि कागदावर 'हो' लिहिलंस.

७. मी बेशुद्ध झाले नव्हते.

माझ्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत डिसेंबरअखेर संपते. ते नसलं तर वैमानिकाचा परवाना खिशात असून उपयोग नाही. तपासणीसाठी मी अँकरेजला डॉ. लिंडक्विस्ट यांच्याकडे गेले. टाक्यांचं मीच सांगितलं, कारण ते सांगावंच लागतं. तुझ्या दवाखान्याचा कागदही मीच मागवून दिला. बाईंनी माझ्या भुवईवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सुबक शिवलंय. कुणी?"

"गावच्या आरोग्यसेविकेने."

बहिणीने, असं मी म्हणाले नाही.

मग त्यांनी तो कागद वाचला. "इथे लिहिलंय, शुद्ध हरपली होती. हो."

"ते चुकून लिहिलं गेलंय."

"त्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं. उत्तर मी दिलं नाही. भुवयांनी दिलं."

बाई मिनेसोटाच्या. त्यांना सांगावं लागलं की आमच्याकडे भुवया वर गेल्या म्हणजे 'हो' आणि नाक आकसलं म्हणजे 'नाही'. की शाळेत बाहेरून आलेले शिक्षक पहिलं वर्षभर 'ही मुलं उत्तरच देत नाहीत' म्हणून रडकुंडीला येतात. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दोघी तोंडाने बोललाच नाहीत?"

"आम्ही बोलत नाही."

त्यांना वाटलं, मी सगळ्या गावाबद्दल सांगते आहे. मी तसंच वाटू दिलं.

भुवईवरची जखम काहीच नाही, असं त्या म्हणाल्या. अडचण त्या एका शब्दाची आहे. 'हो' असेल तर त्या सही करू शकत नाहीत. माझी फाईल ओक्लाहोमाच्या मुख्य कार्यालयात जाईल आणि तिथून कधी परत येईल ते कुणी सांगत नाही.

तेव्हा तू एवढंच करायचं आहे. दवाखान्याच्या कागदावर लिहायचं की सहाव्या मुद्द्यात सांगितल्याप्रमाणे गैरसमज झाला होता आणि रुग्ण शुद्धीवर होती. सही आणि तारीख. थियो दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्याकडे टपाल घेऊन येतो. त्याच्याजवळ दे.

आईला माझा नमस्कार सांग.

लुबा


बेथेल, २७ नोव्हेंबर

मत्रोना ताई,

थियो तीनदा येऊन गेला. तू पाकीट त्याच्या हातून घेतलंस, हे त्याने सांगितलं. उत्तर दिलं नाहीस, हेही सांगितलं.

मी सध्या जमिनीवर आहे. सामान तोलते, प्रवाशांना वजन विचारते, आणि ते खोटं सांगतात ते मुकाट्याने लिहून घेते. हँगरमध्ये कुणीतरी माझ्या टेबलावर पायलट ब्रेडचा निळा डबा आणून ठेवला आहे. वर चिठ्ठी: 'आता यातच काय ती पायलटगिरी.' कडक बिस्किटाला ते नाव कुणी दिलं कोण जाणे. मी रोज दोन खाते. त्यांना वाटतं मला विनोद कळला नाही.

आमचा मुख्य वैमानिक ड्वेन माझ्या बाजूने आहे. त्याची बाजू अशी:

"बहीणच आहे ना तुझी? दोन ओळी खरडून दे म्हणावं. पाय घसरला, कपाळ फुटलं, संपलं."

"ती तसं लिहिणार नाही."

"का? भांडलात?"

"नाही."

"मग तर बोलणं सोपं आहे."

"आम्ही भांडलो असतो तर सोपं होतं."

ड्वेन मोंटानाचा आहे. त्याला वाटतं, भांडण म्हणजे आवाज.

तुला ते आठवत असेलच, तरी लिहिते, कारण आपण त्यावर कधी बोललोच नाही. आईचं तोंड वाकडं झालं त्या दुपारी, तिला बेथेलच्या इस्पितळात न्यायला ये म्हणून तू मला फोन केलास. कुइंगाकवर धुकं इतकं खाली होतं की तुला तुझ्या खिडकीतून रेडिओचा मनोरा दिसत नव्हता. मी तुलाच विचारलं, मनोरा दिसतो का. तू म्हणालीस, नाही. मी म्हणाले, मग मी येऊ शकत नाही. तू म्हणालीस, "ते तुझं नियमांचं पुस्तक घेऊन ये कधीतरी. आईला वाचून दाखव." आणि फोन ठेवलास. धुकं दुसऱ्या दिवशी उठलं. तोवर आईची वाचा गेली होती.

तेव्हा मी आले असते तर विमानासकट नदीत गेले असते, हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. त्याने आपल्यात काही बदललं नाही.

म्हणून तुझा कागद हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तू तेच पुस्तक आता मला वाचून दाखवते आहेस. हे मनात आलं होतं, म्हणून लिहिते. तसं असेल तर सांग, म्हणजे मी दुसरा मार्ग बघेन.

आणखी एक. टाके विरघळले, सूज उतरली, पण डावी भुवई अजून अर्धीच वर जाते. मी आरशासमोर उभी राहून बघते. उजवी वर, डावी खाली. आईसारखी. डॉक्टरीणबाई म्हणतात की कातडीखालची नस दुखावली आहे, महिन्या-दोन महिन्यांत ठीक होईल, आणि त्याचा मेंदूशी काही संबंध नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुरुस्तीचा कागद शुक्रवारी थियोकडे दे.

लुबा


बेथेल, ४ डिसेंबर

मत्रोना ताई,

थियो काल आला. वाळवलेल्या सामन माशाचं पुडकं माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "हे तुझ्या ताईकडून. कागद नाही. निरोप आहे, पण आधी मला कॉफी दे, कारण निरोप वाईट आहे."

मी कॉफी दिली.

त्याला म्हणे तू घरात बोलावलंस. आईला चरबीत बेरी कालवलेलं अकुताक भरवत होतीस. तू आईला विचारलंस, अजून हवं का. आईने नाक आकसलं. तू म्हणालीस, "खोटं बोलू नकोस, म्हातारे. नाक नाही म्हणतंय आणि भुवई बेरीच्या वाटीकडे बघून हो म्हणतेय." आई हसली. थियो म्हणाला, "लुबा, मला तर काहीच हललेलं दिसलं नाही. अर्धा चेहरा झोपलेला आणि अर्ध्यावर सुरकुत्या. पण तुझ्या ताईने वाटी पुढे केली आणि म्हातारीने ती संपवली."

मग तू त्याला म्हणालीस ते त्याने तुझ्याच आवाजात सांगितलं. त्याला तुझी नक्कल चांगली जमते.

"तिला सांग, दुखलं की सगळं कपाळ गोळा होतं. हो म्हणताना भुवया नुसत्या उचलल्या जातात. मी रोज तीन वेळा एकाच भुवईशी बोलते. दुखलेली भुवई आणि होकाराची भुवई मला ओळखता येत नाही, असं तिला वाटतं का? आणि तिला विचार, मी काय लिहू? झालं ते, की तिला हवं ते?"

थियो कप ठेवून निघून गेला. जाताना दारात थांबून म्हणाला, "मी काही ऐकलेलं नाही." तो चांगला माणूस आहे.

उत्तर आज लिहिते आहे. पहिल्या पत्रातल्या यादीत दुरुस्त्या आहेत.

सहावा मुद्दा मी पाहिलेला नाही. मला सुई टोचलेली आठवत नाही. तू प्रश्न विचारलेला आठवत नाही. तुझा कागद वाचला, आणि मी तो 'हो' कसा पडला असेल याचा विचार केला. जे कारण मला परवडणारं होतं ते मी घडलं म्हणून लिहिलं. मला आठवतं ते असं: हातात झाडू. मग दवाखान्याच्या छतावरचा पाण्याचा पिवळा डाग आणि तुझ्या हातमोज्यांचा वास. मधलं नाही.

म्हणजे सातवा मुद्दाही माझा नाही. मी बेशुद्ध झाले नव्हते, हे मी कशावरून म्हणते?

आणि चौथाही नाही. पाय घसरल्याचं मला आठवत नाही. दांडीवर बर्फ होता हे खरं, कारण नंतर मी जाऊन हात लावून पाहिलं. बर्फ होता, म्हणून घसरले असणार, असं मी धरलं. कुठलाही अभियंता असा अहवाल फेकून देईल.

आठवा मुद्दा मी लिहिलाच नव्हता. टाके घातल्यावर मी विमान परत आणलं. तू धावपट्टीपर्यंत आलीस आणि म्हणालीस, "आज राहा." त्या दिवशी तू बोललेलं मला एवढंच आठवतं. मी नाक आकसलं. मागच्या आसनांवर वासिली आजोबा आणि त्यांची सून होती, मांडीवर बाळ. मला विमान उचलल्याचं आठवतं. बेथेलच्या अलीकडचं नदीचं वळण आठवतं. मधला टुंड्रा आठवत नाही. त्या वाटेने मी इतक्या वेळा उडाले आहे की मधलं कुणालाच आठवत नसेल, असं मी स्वतःला समजावते. दिवसा ते पटतं.

नववा. ऑक्टोबरच्या शेवटी थियोच्या बायकोकडे वाफेच्या न्हाणीत मी उठून उभी राहिले आणि सगळं राखाडी झालं. बायकांनी मला धरून बाहेर बर्फात बसवलं. सगळ्या हसल्या. म्हणाल्या, शहरात राहून पोरगी मऊ पडली. न्हाणीत कुणालाही होतं ते. मीही हसले. डॉ. लिंडक्विस्टना मी हे सांगितलं नाही, कारण त्यांनी न्हाणीबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, 'यापूर्वी कधी चक्कर?' मी म्हणाले, नाही. तोंडाने म्हणाले.

बाईंनी मला सांगितलेलं सगळं मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या:

"घसरून पडलात आणि मार लागून शुद्ध गेली, तर कारण माहीत आहे. डोक्याची चित्रं काढू, काही महिने थांबू, बहुतेक तुम्ही परत उडाल. पण शुद्ध गेली म्हणून पडला असाल, तर कारण माहीत नाही. ते सापडेपर्यंत मी तुम्हाला विमानात बसवू शकत नाही. आणि पुष्कळदा ते सापडतच नाही."

मी विचारलं, "सापडलं नाही तर?"

"तुम्ही अजून तरुण आहात. दुसरं काही कराल."

त्या हे चांगुलपणाने म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत होते. खाली तलावावर कुणीतरी स्कीवरचं छोटं विमान उतरवत होतं आणि ते वाईट उतरवत होतं.

पाहणारं कोणी होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एक व्यक्ती. त्या म्हणाल्या, "मग ते तुम्हाला माहीत नाही, त्या व्यक्तीला माहीत आहे. लेखी आणा."

ताई, मला भीती कशाची वाटते ते नेमकं लिहायचा प्रयत्न करते. प्रमाणपत्र जाण्याची वाटते. पण पंधरा दिवस झाले, मी झोपायच्या आधी एकच गणित करते. उतरायच्या आधी, धावपट्टी समोर असताना, माझ्या हातून किती वेळ सुटला तर चालेल? मी दर वेळी वेगळे आकडे घेते आणि दर वेळी उत्तर एकच येतं. अजिबात नाही. आणि मागे बाळ.

धुक्यात मी आले नाही, कारण मनोरा दिसत नव्हता. तेव्हा मी तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता. तू 'नाही' म्हणालीस आणि मी आले नाही. 'दिसतो' म्हणाली असतीस तर मी निघाले असते. ते तुलाही माहीत होतं. आई समोर पडली होती आणि तरी तू खरं सांगितलंस. हे मला इतक्या उशिरा सुचलं. मी इतके दिवस समजत होते की त्या दिवशी नियम मी पाळला.

परवा एक गोष्ट मी तपासली. त्या दिवशीचे हातमोजे अजून माझ्या पिशवीत होते. चामड्याचे, पिवळे, नवीन. डाव्या मनगटावर रक्त आहे. तळव्यांवर काही नाही. ओरखडा नाही, खडी रुतलेली नाही. मग मी माझे गुडघे आठवले. तेही खरचटले नव्हते. घसरणारा माणूस हात पुढे करतो. आपण लहानपणी नदीवर किती वेळा पडलो, दर वेळी आपले तळवे सोललेले असायचे आणि आई त्यांना सीलचं तेल लावायची. या वेळी मी हात पुढे केले नाहीत. झाडू धरला होता म्हणून, की दुसऱ्या कशामुळे, ते मला माहीत नाही.

मी हातमोजे परत पिशवीत ठेवले. मग बाहेर काढून टेबलावर ठेवले, समोर दिसतील असे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: झालं ते लिही.

तू पेटी बांधत होतीस आणि तुझं तोंड विमानाकडे होतं. पेटीची दोरी तू पंखाच्या बाजूने आवळत होतीस, म्हणून तुला दिसलंच असणार. मला सांगू नकोस की तू बघत नव्हतीस. मी दोन वर्षं कुइंगाकला उतरते आहे आणि तू दर वेळी बघतेस.

मला चारच गोष्टी हव्या आहेत. पडायच्या आधी माझा पाय हलला का. पडताना मी हात पुढे केले का. पडल्यावर तू हाक मारलीस तेव्हा मी किती वेळाने उत्तर दिलं. आणि आधी झाडू पडला की मी.

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं आहे. आधी मी पडले आणि मग झाडू सुटला, तर मी घसरले. झाडू आधी हातातून गळला आणि मी त्याच्यामागून, तर प्रमाणपत्र मी स्वतः बाईंच्या टेबलावर ठेवीन आणि न्हाणीचंही सांगेन. ड्वेनला काय सांगायचं ते मी बघेन. तू जे लिहिशील ते मी एक अक्षर न बदलता पुढे देईन.

भुवयांनी उत्तर देऊ नकोस. थियोला निरोपही देऊ नकोस, तो नक्कल करतो आणि मला तुझा आवाज ऐकू येतो. कागदावर लिही.

सामन चांगला झाला आहे. या वर्षी धूर कमी दिलास.

डॉ. लिंडक्विस्ट १३ तारखेला माझी फाईल बंद करतील, उत्तर असो वा नसो. थियो तुमच्याकडे मंगळवारी, १० तारखेला येईल. तेव्हा पाकीट त्याच्याजवळ दे. १२ डिसेंबरपर्यंत ते माझ्या हातात असू दे.

लुबा